डोंगरात जाण्यापूर्वी

पावसाने पाठ फिरवली, भातकापणी आटोपली आणि दिवाळीचे पोहे खाऊन झाले, की पेडणे-डिचोलीकडील घरांतून एक विषय हमखास निघतो : ‘यंदा सर्वांनी मिळून कुठेतरी डोंगरात जाऊन येऊ या.’ मुलांना सुट्टी असते, मुंबई-पुण्याहून वा बडोदे-बेळगावकडून पाहुणे आलेले असतात, आणि हवेतही एक प्रकारचा मोकळेपणा आलेला असतो. अशा वेळी समुद्रकिनाऱ्यावरील गर्दीपेक्षा सह्याद्रीच्या कुशीतील एखादी रानवाट खुणावू लागली, तर त्यात नवल नाही.

आपले वाडवडीलही पुष्कळ चालत. पण ते कामासाठी किंवा देवासाठी चालत. मीठ, सुके मासे, नारळ घेऊन घाट चढावयाचा आणि वरच्या मुलखातून धान्य घेऊन उतरावयाचे, हा कित्येक पिढ्यांचा व्यवहार होता. त्यांना वाट ठाऊक होती, ऋतू ठाऊक होता, आणि वाटेवरच्या प्रत्येक वस्तीत ओळखीचे एखादे घर होते. आज आपण मोटारीने घाटाच्या माथ्यावर तासाभरात पोहोचतो खरे. परंतु त्या रानाचे जे ज्ञान आपल्या आजोबांच्या पायांत होते, ते आपल्यापाशी उरलेले नाही. ते ज्ञान आता हेतुपुरस्सर, घरी बसून, कागद-पेन्सिल घेऊन मिळवावे लागते. सहलीचे बरेवाईट डोंगरावर ठरत नसून आदल्या आठवड्यात घरच्या ओटीवर ठरते, असे आम्हांस वाटते. आणि म्हणून या लेखात आम्ही निसर्गवर्णनाच्या फंदात न पडता केवळ तयारीविषयीच चार गोष्टी सांगणार आहोत.

रान कोणाचे?

प्रथम आपण जाणार कोठे, हे नीट समजून घेऊ. डिचोली तालुक्यातून साखळीमार्गे पूर्वेकडे निघाले की सत्तरीतील केरी गाव लागते, आणि तेथून चोर्ला घाटाची चढण सुरू होते. गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या सीमा या परिसरात एकमेकींस भिडतात. वरती सुर्ल्याचे पठार, खाली अंजुणे धरणाचे पाणी, आणि पावसाळ्याच्या शेवटापर्यंत कड्यांवरून कोसळणारे वझर, असा हा देखणा प्रदेश आहे. वाळपईच्या बाजूस पाली, चरावणे, हिवरे येथील वझर प्रसिद्ध आहेत. गोव्यातील सर्वांत उंच शिखर सोसोगड हेही याच सत्तरीच्या डोंगररांगेत असून त्याची उंची एक हजार मीटरांपेक्षा थोडी अधिक आहे.

हिमालयात किंवा युरोप-अमेरिकेतील पर्वतांत एका उंचीनंतर झाडे खुरटी होत जातात आणि पुढे नुसती कुरणे उरतात. हिमालयात ही वृक्षरेषा साधारणतः साडेतीन ते चार हजार मीटरांच्या दरम्यान असते. त्या सीमेवरील कुरणांची माती पातळ, उगवणीचा काळ अल्प. तेथे शंभर माणसे वाट सोडून चालली, तर ती जखम भरून येण्यास कित्येक वर्षे लागतात. म्हणूनच तिकडे डोंगरात जाणाऱ्यांसाठी आचाराचे नियम बारकाईने घालून दिलेले आहेत. आपला सह्याद्री तितका उंच नाही. झाडे माथ्यापर्यंत जातात. परंतु आपल्याकडेही तशीच नाजूक जागा आहे, ती म्हणजे जांभ्या दगडाचा सडा. उन्हाळ्यात काळाठिक्कर दिसणारा हा सडा पावसाळ्यात बोटभर मातीवर सीतेची आसवे, गेंद, दवबिंदू अशा चिमुकल्या वनस्पतींनी भरून जातो. त्यांतील काही वनस्पती तर किडे पकडून आपले पोषण करतात, इतकी ती माती निःसत्त्व असते. मोपाचे पठार आजन्म पाहिलेल्या पेडणेकरांना हे दृश्य नवे नाही. अशा सड्यावर मोटार फिरवणे किंवा फुलांत लोळून छायाचित्रे काढणे, हे फुलांचे कौतुक नव्हे.

सत्तरीतील या रानाचा मोठा भाग १९९९ साली म्हादई अभयारण्य म्हणून घोषित झाला. त्याचे क्षेत्र सुमारे २०८ चौरस किलोमीटर आहे. त्याच वर्षी दक्षिणेकडील नेत्रावळी अभयारण्यही अस्तित्वात आले. या रानात वाघ आहेत काय, हा प्रश्न एके काळी वादाचा होता. परंतु जानेवारी २०२० मध्ये गोळावली येथे एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मृतावस्थेत सापडले, तेव्हा त्या वादाचा निकाल फारच दुःखद रीतीने लागला. त्यांचा मृत्यू विषप्रयोगाने झाल्याचे तपासात दिसून आले. गोठ्यातील गुरे वाघाने मारल्याचा राग त्यामागे होता. वाघ मेला याचे दुःख शहरातील माणसास होते; परंतु दुभते जनावर गमावलेल्या गरीब कुटुंबाकडे वेळेवर कोणी फिरकत नाही, हेही तितकेच खरे. पुढे जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने हे क्षेत्र व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित करण्याचा आदेश राज्य सरकारला दिला आणि तो प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

हे सारे येथे सांगण्याचे कारण एवढेच, की आपण ज्यास ‘रिकामे रान’ समजतो ते रिकामे नसते. तेथे वाघ आहे, गवा आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसेही आहेत. त्यांच्यामध्ये एक अवघड तडजोड चाललेली आहे. त्या तडजोडीत आपण पाहुणे आहोत, आणि पाहुण्याने यजमानाचे ओझे वाढवू नये.

शिवाय आपल्या घरच्या घागरीचाही या रानाशी संबंध आहे. साखळीवरून वाहणारी वाळवंटी याच डोंगरांतून येते. पेडण्याच्या बाजूस दोडामार्गाकडील डोंगरांतून तिळारीचे पाणी येते. म्हादईच्या पाण्यासाठी आपण न्यायाधिकरणापुढे वर्षानुवर्षे भांडलो. त्या लवादाचा निवाडा ऑगस्ट २०१८ मध्ये झाला आणि वाद तरीही मिटला नाही. ज्या पाण्यासाठी आपण एवढे झगडतो, त्याच्याच उगमाशी बाटल्या आणि कागदी ताटल्या टाकून यावयाचे, हे आपणांस शोभते काय? डिचोलीकरांना तर हे अधिक समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. डोंगर पोखरला गेला की झरे कसे आटतात आणि शेतात कोणता चिखल येतो, हे त्यांनी २०१२ साली खाणी थांबेपर्यंत आपल्या डोळ्यांनी पाहिले आहे.

केव्हा जावे?

तयारीतील पहिला प्रश्न ऋतूचा. पावसाळ्यात घाट सर्वांत सुंदर दिसतो आणि तेव्हाच तो सर्वांत धोक्याचा असतो. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. घाटाच्या पायथ्याशी त्याहूनही अधिक. आपण खाली ओढ्यात उभे असतो, आकाश निरभ्र असते, आणि वरच्या पठारावर मात्र सर कोसळत असते. ते पाणी थोड्याच वेळात खाली येते. गुडघाभर ओढा पाहता पाहता छातीइतका होतो. २३ जुलै २०२१ च्या पुरात सत्तरी, डिचोली आणि पेडणे या तालुक्यांची जी दैना झाली, ती आपल्यापैकी अनेकांच्या स्मरणात असेल. १९८२ नंतरचा हा सर्वांत मोठा पूर मानला गेला. जुलै २०२३ मध्ये नेत्रावळीतील मैनापी धबधब्यावर माणसे बुडाल्यानंतर वन खात्याने अभयारण्यांतील धबधब्यांवर जाण्यास मनाई केली होती. अशी मनाई झाली की आपल्याकडे लगेच कुरकुर सुरू होते. परंतु बुडालेल्यांना शोधण्यासाठी त्याच फुगलेल्या पाण्यात दुसऱ्या कोणाला तरी उतरावे लागते, याचा विचार कुरकुरणाऱ्याने अवश्य करावा.

उन्हाळ्याचे भय निराळे. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात लागलेले वणवे विझविण्यासाठी नौदल आणि हवाईदलाच्या हेलिकॉप्टरांना पाचारण करावे लागले. वाळलेल्या पाचोळ्यावर पडलेली एक विडीही अशा दिवसांत पुरेशी असते.

तिसरी गोष्ट माकडतापाची. कर्नाटकातील क्यासनूर येथील जंगलात १९५७ साली प्रथम ओळखला गेलेला हा ताप २०१५ च्या सुमारास सत्तरीत, आणि २०१६ मध्ये पलीकडच्या दोडामार्ग तालुक्यात आढळला. तो रानातील गोचिडीच्या चाव्याने होतो. डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत, म्हणजे पाचोळा साचलेला असताना आणि काजूच्या हंगामात, त्याचा जोर असतो. रानात मेलेले माकड दिसले तर त्याच्या जवळ न जाता वन किंवा आरोग्य खात्यास कळवावे. अंगभर कपडे घालावे, पायघोळाचे टोक मोज्यांत खोवावे, पाचोळ्यावर पथारी पसरून बसू नये, आणि घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करून कपडे धुवावयास टाकावे. रानातून परतल्यावर आठवडाभरात एकाएकी सणकून ताप, डोकेदुखी व अंगदुखी सुरू झाली, तर ‘आपण रानात गेलो होतो’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. एवढ्या एका वाक्याने निदान लवकर होऊ शकते.

या सर्वांचा मेळ घातला, तर कुटुंबासह जाण्यास पाऊस पुरता थांबल्यावरचा ऑक्टोबरचा शेवट आणि नोव्हेंबर महिना उत्तम. डिसेंबर-जानेवारीतही जाता येते. मात्र तेव्हा माकडतापाची वार्ता त्या भागात आहे काय, याची चौकशी आधी आरोग्य केंद्रात करावी.

परवानगी आणि वाटाड्या

अभयारण्यात प्रवेश करावयाचा तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे वन खात्याची परवानगी लागते. ‘आम्ही तर गोव्याचेच,’ असे म्हणून ही अट टळत नाही. कोणत्या वाटा खुल्या आहेत, कोणत्या बंद आहेत, वाटाड्या कोठे मिळेल, हेही खात्याच्या कचेरीतच कळते. म्हणून सहलीच्या आठवडाभर आधी चौकशी करावी. गेल्या वर्षी मित्र गेले होते म्हणजे यंदाही वाट खुलीच असेल, असे गृहीत धरू नये.

वाटाड्या गावातलाच घ्यावा. मोबाइलमधील नकाशा उपयोगी खरा; परंतु घाटात संपर्क तुटतो आणि गुरांच्या वाटा, शिकाऱ्यांच्या वाटा व माणसांच्या वाटा यांतला फरक त्या नकाशाला कळत नाही. गावातील माणसाला कोणत्या ओढ्यास अजून पाणी आहे, कोठे गव्यांचा कळप उतरतो, कोठे मधमाश्यांचे पोळे लागले आहे, याची त्या आठवड्याची खबर असते. त्याची मजुरी आधी ठरवावी, घासाघीस न करता द्यावी, आणि शक्य असल्यास परतीचे जेवण त्याच गावात सांगून ठेवावे. नाचणीची भाकरी, एखादी रानभाजी आणि सोलकढी यांची गोडी डब्यात भरून नेलेल्या जिन्नसांना येत नाही. शिवाय रान राखले तर चार पैसे मिळतात, हे गावास दिसणे वाघाच्याही हिताचे आहे.

पेडण्या-डिचोलीत कोणत्याही कार्याच्या आरंभी देवाला आणि राखणदाराला गाऱ्हाणे घालण्याची रीत आहे. ज्याच्या सीमेत आपण शिरणार, त्याला आपण कोण, कशासाठी आलो, हे सांगावयाचे आणि सांभाळून घे म्हणावयाचे. परवानगी काढणे आणि वाटाड्या घेणे म्हणजे तरी दुसरे काय? नव्या काळातील तेही एक गाऱ्हाणेच होय.

वेळेचे गणित

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. सहलींतील पुष्कळशा आपत्तींचे मूळ अंधारात असते. म्हणजे उशिरात असते. माणसे उशिरा निघतात, हळू चालतात, आणि ‘आता एवढे आलोच आहोत तर’ असे म्हणत पुढे जातात. या ‘एवढे आलोच आहोत’ पासून सावध राहावयाचे, तर हिशेब आधी करावा लागतो.

नेस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक सोपा आडाखा सांगितला, तो अद्याप जगभर वापरला जातो. त्याचा मेट्रिक अवतार असा : सपाटीवर दर पाच किलोमीटरांस एक तास, आणि चढाच्या दर सहाशे मीटरांस आणखी एक तास. समजा, जाऊन-येऊन दहा किलोमीटर अंतर आहे आणि एकूण चढ तीनशे मीटरांचा आहे. अंतराचे दोन तास आणि चढाचा अर्धा तास, मिळून अडीच तास झाले. परंतु हा हिशेब सडसडीत, सवयीच्या माणसाचा. बरोबर मुले असतील, साठीची आत्या असेल, वाट दगडांची आणि मुळांची असेल, तर तो खुशाल दुप्पट करावा. म्हणजे चालण्याचे पाच तास. त्यात न्याहरी, जेवण, विसावा यांचा दीड तास मिळविला की साडेसहा तास झाले.

सकाळी आठला चालू लागलो, तर अडीच वाजेपर्यंत परत येऊ. हिवाळ्यात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि दाट रानात त्याच्या अर्धा तास आधीच काळोख दाटू लागतो. म्हणजे आपल्या हाती सुमारे तीन तास शिल्लक राहिले. ही शिल्लक खर्च करण्यासाठी नाही. कोणाचा पाय मुरगळला, वाट चुकली, तर त्या वेळेची ती पुंजी आहे.

या हिशेबातून एक वेळ नक्की करावी : परत फिरण्याची. आपल्या उदाहरणात ती दुपारी बाराची धरावी. बारा वाजता आपण जेथे असू तेथून मागे वळावयाचे. मग वझर दोनशे पावलांवर का असेना, आणि त्याचा आवाज कानी का येत असेना. सकाळचे चार तास जाण्यात गेले असतील, तर परतीसही तेवढेच धरावे. तरी आपण चारला गावात पोहोचतो. ही वेळ घरी सर्वांसमक्ष ठरवावी आणि मुलांकडून वहीत लिहून घ्यावी. डोंगरावर, उत्साहाच्या भरात, परत फिरण्याचा निर्णय कोणालाच घ्यावासा वाटत नाही आणि जो तो बोलून दाखवतो तो रसभंग करणारा ठरतो. आधीच ठरलेली वेळ मात्र कोणा एकाची नसते. ती साऱ्या घराची असते.

मंडळी आणि सामान

दहा-बारांहून अधिक माणसे एका वेळी नसावीत. पुढे वाटाड्या, अगदी मागे घरातील एक कर्ता माणूस, आणि चाल सर्वांत सावकाश चालणाऱ्याची, हा नियम ठेवावा. पुढे धावणाऱ्या तरुणांना तो जाचक वाटेल. पण रानात चुकामूक होते ती बहुधा पुढच्या आणि मागच्या तुकडीत अंतर पडल्यामुळेच. ज्यांना दमा, हृदयविकार, मधुमेह आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून, नेहमीची औषधे जवळ बाळगूनच निघावे. आणि चालण्याची सवय नसेल, तर त्याआधी तीन-चार रविवार जवळपासच चालून पाहावे. मयेचे तळे, हरवळ्याचा धबधबा व तेथील लेणी, लामगावची लेणी, शापोरा नदीकाठचा हळर्णचा किल्ला, ही ठिकाणे पायांच्या परीक्षेस पुरेशी आहेत. नव्या बुटांची परीक्षाही तेथेच व्हावी, डोंगरावर नव्हे.

सामान थोडे पण नेमके असावे. प्रत्येकी दोन-तीन लिटर पाणी. शिदोरीत दशम्या, चटणी, गूळ-शेंगदाणे, लाडू, केळी, म्हणजे न सांडणारे, न नासणारे आणि ज्याचा कचरा होत नाही असे पदार्थ. प्रत्येक दोघांत एक टॉर्च, जरी दुपारीच परतावयाचे असले तरी. एक शिट्टी, काडेपेटी (ती केवळ अडीअडचणीसाठी), पट्ट्या व जंतुनाशक, जलसंजीवनीची पाकिटे. ही पाकिटे नसतील, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण प्रत्येक गृहिणीने ध्यानात ठेवावे, चमचा चहाचा. एक जाड पिशवी रिकामी न्यावी. ती परत येताना कशासाठी लागते, हे पुढे येतेच.

रानातील रीत

पाश्चात्त्य देशांत डोंगरयात्रींसाठी जे नियम रूढ आहेत त्यांचा सारांश एका वाक्यात सांगता येईल : आपण येऊन गेलो, हे मागाहून येणाऱ्यास कळू नये. आपल्या घरांतील सोवळ्याओवळ्याची, उष्ट्याखरकट्याची शिस्त ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे अवघड वाटू नये.

जे नेले ते सर्व परत आणावे. संत्र्याची साल, अंड्याचे कवच, चॉकलेटचा कागद, सर्वच. ‘साल तर कुजून जाईल’ असे म्हटले जाते. परंतु कुजण्यापूर्वी ती माकडांच्या तोंडी लागते आणि माणूस दिसला की खाऊ मिळतो, असा धडा ती माकडे शिकतात. रिकामी पिशवी नेली ती याचसाठी. बायकांच्या अडचणीच्या दिवसांतील वस्तूही कागदात गुंडाळून याच पिशवीतून परत आणाव्यात. हा विषय संकोचाचा म्हणून टाळला जातो आणि त्याचा परिणाम ओढ्याकाठी दिसतो.

शौचास जावयाचे झाले, तर ओढ्यापासून आणि वाटेपासून किमान साठ मीटर, म्हणजे सुमारे ऐंशी पावले दूर जावे. वीतभर खोल खळगा करून नंतर मातीने बुजवावा. ओढ्यात साबण, शांपू वा भांडी घासण्याची पावडर वापरू नये. ते पाणी खाली कोणीतरी पिणार आहे, आणि कदाचित ते आपणच असू.

विस्तव पेटवू नये. अभयारण्यास धोका पोहोचेल अशा रीतीने आग पेटविणे हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. परंतु कायदा बाजूस ठेवला, तरी ज्याने मार्च २०२३ मधील जळके डोंगर पाहिले आहेत, त्यास हे वेगळे सांगावयास नको. गाण्याची पेटी घरी ठेवावी. मद्य तर मुळीच नको. पाण्याजवळ ते मृत्यूस आमंत्रण ठरते.

वाटेत देवराई लागली, तर तेथील रीत गावकऱ्यांस विचारूनच आत जावे. केरी येथील आजोबाची राय, कोपार्डे येथील देवाची राय, बांबर येथील निरंकाराची राय, या सत्तरीतील देवराया वाचल्या त्या कोणत्याही सरकारी फलकामुळे नव्हेत, तर देवाच्या धाकाने. निरंकाराच्या राईत जायफळाच्या कुळातील वृक्षांची दलदल आहे. चिखलातून गुडघ्यासारखी वर आलेली त्यांची मुळे श्वास घेण्याचे काम करतात, आणि अशा दलदली आता फार थोड्या उरल्या आहेत. त्या मुळांवर पाय देऊन चालणे म्हणजे चालत्या माणसाच्या नाकावर हात ठेवण्यासारखे आहे. पादत्राणे बाहेर, आवाज खाली, आणि काडीही न उचलता परत, ही जुनीच रीत पाळावी.

अडचण आलीच तर

सर्पदंशाविषयी आपल्याकडे गैरसमज फार. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार प्रमुख विषारी साप. घाटातील रानात चापडाही आढळतो. तो झाडाझुडपांवर, दगडांवर हिरव्या वा करड्या रंगात लपून बसतो. म्हणून हात ठेवण्यापूर्वी आणि बसण्यापूर्वी जागा पाहावी. दंश झालाच, तर जखम कापू नये, चोखू नये, करकचून आवळू नये. अंगठ्या-बांगड्या काढाव्यात, दंश झालेला अवयव मोडलेल्या हाडाप्रमाणे फळीला किंवा काठीला बांधून स्थिर ठेवावा, माणसास न चालविता उचलून आणावे आणि थेट रुग्णालयात न्यावे. साखळी आणि वाळपई येथे सरकारी आरोग्य केंद्रे आहेत. पुढे बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. परंतु संपर्क कोठे मिळतो, ते ठिकाण वाटाड्यास आधीच विचारून ठेवावे.

पेडण्याच्या सीमेवर आणखी एका पाहुण्याचा विचार करावा लागतो. कर्नाटकातून दोडामार्गाकडे हत्ती उतरू लागले त्यास दोन दशके उलटली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तर एक तरुण हत्ती मोप, तांबोसे, तोरसे या भागात येऊन राहिला. हत्ती आल्याची वार्ता असेल, तर त्या बाजूची सहल रद्द करावी. त्याला पाहावयास, त्याचे चित्रण करावयास धावणारी गर्दी त्याला आणि शेतकऱ्याला, दोघांनाही संकटात लोटते.

वाट चुकली असे वाटले, तर पहिले काम थांबण्याचे. सर्वांनी एकत्र बसावे, पाणी प्यावे, शिट्टीचे तीन-तीन ठोके द्यावे. ओढ्याच्या कडेने उतरत गेलो की गाव लागेल, हा समज घाटात घातक ठरतो. कारण ओढा कड्यावरून उडी घेतो आणि माणसास ती घेता येत नाही.

यासाठीच मागे निरोप ठेवणे अगत्याचे आहे. एका कागदावर पाच गोष्टी लिहाव्यात : कोण कोण गेले, कोणत्या वाटेने, वाटाड्याचे नाव व दूरध्वनी, मोटार कोठे ठेवली, आणि किती वाजेपर्यंत फोन न आल्यास कोणास कळवावयाचे. हा कागद घरी राहणाऱ्या आजी-आजोबांच्या हाती द्यावा. रात्र होईतो नुसते दाराकडे डोळे लावून बसण्यापेक्षा केव्हा काय करावयाचे, हे ठाऊक असणे त्यांनाही बरे. परत आल्यावर पहिला फोन त्यांनाच करावा.

इतकी तयारी करून निघालेल्या मंडळींना बारा वाजता, वझर दिसण्यापूर्वीच, मागे वळावे लागले, तर सहल फुकट गेली असे समजू नये. मुलांनी सडा पाहिला, देवराईत पाऊल हळू टाकावे हे शिकले, गावातील एका माणसाशी त्यांची ओळख झाली, आणि वडीलधारी माणसेही दिलेला शब्द पाळून मागे फिरतात, हे त्यांनी पाहिले. पुढल्या वर्षी ती ओळख उपयोगी पडेल. तोपर्यंत वझर कोठे जात नाही. तो राहावा, एवढी काळजी मात्र आपणच घ्यावयाची आहे.